कावेरीच्या दोन बोटांसाठी घेतलेला कीबोर्ड

मी एक कीबोर्ड बोलतोय. बोलतोय म्हणायचं एवढंच, कारण मला स्वतःचा आवाज नाही. माझ्या अंगावर अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आहेत, काळ्या-पांढऱ्या, पेटीला असतात तशाच. पण पोटात एकही सूर नाही. लॅपटॉपला वायर जोडून कुणी पट्टी दाबली, की मी फक्त कळवतो: ही पट्टी, एवढ्या जोराने. सूर काढायचं काम लॅपटॉपचं. जाणकार मला मिडी कंट्रोलर म्हणतात. परभणीत सगळे कीबोर्डच म्हणतात, आणि ते मला चालतं.

बोटाचा जोर मी आकड्यात मोजतो, एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. कावेरीबद्दल मला जे कळलं ते या आकड्यांतून कळलं. इतर कुणालाही कळायच्या कितीतरी आधी, असं मला वाटत होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या प्रत्येक पट्टीखाली एक छोटी हातोडी बसवलेली आहे, म्हणून पट्टी दाबताना खऱ्या पियानोसारखा भार लागतो. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. एका बाईने एकेका पट्टीवर वजन ठेवून ती नीट खाली जाते का हे तपासलं आणि माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली. त्या भाराचा मला फार अभिमान होता. आता तो भारच माझ्या जिवाला लागलाय.

तिथून खोक्यात, जहाजात, ट्रकमध्ये, आणि शेवटी नांदेडच्या एका दुकानात आलो. तबल्या-ढोलक्यांच्या शेजारी सहा महिने उभा होतो. लोक यायचे, एका बोटाने टिंगटिंग करायचे आणि हलकं वाद्य घेऊन जायचे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कावेरी आणि तिचा नवरा आदिनाथ आले. परभणीत वसमत रोडला त्यांचा लहानसा स्टुडिओ. भक्तिगीतं, शाळांची स्वागतगीतं, दुकानांच्या जाहिराती असं काहीबाही तिथं रेकॉर्ड होतं. कावेरी वाजवते, आदिनाथ आवाजाचं सगळं बघतो. शिवाय सत्यशीलाताई नावाच्या गायिकेबरोबर दोघं गावोगावी कार्यक्रम करतात.

आदिनाथने आल्या आल्या एकसष्ट पट्ट्यांचा हलका कीबोर्ड बगलेत उचलून पाहिला.

"हे बघ, एका हातानं उचलायलोय मी. स्टेजला हेच बरं. जीपमधे मागं टाकलं की झालं."

"अन् स्टुडिओत?" कावेरी म्हणाली.

"स्टुडिओत काय, लॅपटॉपवर सगळं करता येतं."

दुकानदार मधला एक दाखवायला लागला, शहात्तर पट्ट्यांचा, थोडा भार असलेला. "मॅडम, घर अन् स्टेज दोन्हीला चालतंय. बहुतेक जण हाच नेतेत."

पण कावेरी माझ्यापाशी येऊन उभी राहिली होती. तिने उजव्या हाताची पाचही बोटं एकदा पट्ट्यांवरून चालवली, मग अनामिकेने एक पट्टी दाबली. पुन्हा दाबली. तीच पट्टी, तेच बोट, वीस-पंचवीस वेळा. मग करंगळीने. दुकानदाराला वाटलं, बाई पट्टी तपासायलीय. मला मात्र जाणवलं, ती पट्टी तपासत नव्हती, बोट तपासत होती. ते बोट पट्टीवर सरळ पडत नव्हतं. दाबायच्या ऐन क्षणी आतल्या बाजूला वळत होतं, शाळेत मार चुकवायला पोर हात मागे घेतं तसं.

"मला हेच पाहिजे," ती म्हणाली.

"अगं, साडेअठरा किलोचं आहे! कोण उचलणार हे?"

"मी उचलते. हलक्या पट्ट्यांनी हात नाजूक झालाय माझा. जरा वजन असलं की बोटं ताळ्यावर येतील."

आदिनाथ हसला. त्याला ते रियाजाचं बोलणं वाटलं. मला तिच्या अंगठ्याचा आणि तर्जनीचा जोर ठाऊक झाला होता, चांगला पक्का. आणि त्या दोन बोटांचाही ठाऊक झाला होता. मला घेतलं ते त्या दोन बोटांसाठी. औषध म्हणून.

आम्ही परभणीला आलो. स्टुडिओ म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या. रेकॉर्डिंग चालू असलं की पंखा बंद ठेवायचा. एप्रिलपासून त्या खोलीत बसवत नसे. कावेरी गळ्याभोवती ओला पंचा टाकून वाजवायची आणि तिच्या कोपरावरून घाम माझ्या पट्ट्यांवर पडायचा. ती लगेच पदराने पुसायची. नवं वाद्य म्हणून कौतुक होतं माझं. आदिनाथ कुणालाही सांगायचा, "परभणीत असला दुसरा सापडायचा नाही."

दुपारी आदिनाथ कामासाठी बाहेर पडला, की ती दार लावून घ्यायची. मग अनामिका आणि करंगळी, तीनशे वेळा. पुन्हा तीनशे वेळा. बोटं वळू नयेत म्हणून कधी त्यांना रबर लावायची, कधी काडीला बांधायची. गरम पाण्यात हात धरून यायची आणि लगेच बसायची. मी आकडे पाठवत राहायचो. मार्चमध्ये अनामिकेचा आकडा साठच्या आसपास होता. जूनमध्ये पंचेचाळीस. ऑगस्टमध्ये तीस. लॅपटॉपच्या पडद्यावर हे आकडे उमटायचे आणि ती त्यांच्याकडे पाहत ओठ चावायची. मग आणखी जोरात.

सगळ्यात विचित्र गोष्ट अशी, की तो हात इतर वेळी ठणठणीत होता. त्याच हाताने ती भाकरी थापायची, सुईत दोरा ओवायची, मुठीतल्या नाण्यांतून बसचं भाडं काढून द्यायची. एकदा वाजवता वाजवता ती चिडून उठली, समोरचा डबा उघडून त्याच दोन बोटांनी शेंगदाण्यांची सालं काढत बसली. एकही शेंगदाणा निसटला नाही. मग तिने तो डबा भिंतीवर फेकला. खाली गुडघ्यांवर बसून शेंगदाणे गोळा करताना ती स्वतःशीच म्हणत होती, "मग पट्टीवरच का गं ऐकेना झालात? मी काय केलं तुमचं?"

बोटांना विचारत होती ती.

तिने कुणाला सांगितलं नाही. का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. तिच्या वडिलांनी, अप्पारावांनी, तिला पाचव्या वर्षी पेटीवर बसवलं होतं. ते वालूरच्या शाळेत संगीत शिकवायचे, निवृत्त होऊन तिथंच राहिले. अख्ख्या गावाला 'अप्पा गुरुजींची कावेरी' माहीत. ती बारावी नापास झाली तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं, कारण तिचा हात चालत होता. लग्न जमलं ते हातामुळे. घर चालतं ते हातामुळे. सांगायचं म्हटलं तर हे सगळंच सांगावं लागलं असतं.

सप्टेंबरात एक गाणं रेकॉर्ड झालं. सत्यशीलाताईंचं. कावेरीने चार वेळा वाजवलं आणि चारही वेळा दोन बोटं घसरली. दुसऱ्या दिवशी आदिनाथने गाणं ऐकवलं, तर त्यात एकही चूक नव्हती. प्रत्येक सूर जागेवर, प्रत्येक आकडा ऐंशीच्या पुढे. मी असले आकडे पाठवलेच नव्हते.

कावेरी पडद्याकडे पाहत राहिली.

"तुमी हात फिरवलाय ह्याच्यावर?"

"थोडं सरळ केलं. सगळेच करतेत."

"कधीपासून सरळ करायलात?"

आदिनाथने माऊसवरचा हात काढला नाही. "दिवाळीपासून," तो म्हणाला. "मागच्या."

म्हणजे मी यायच्याही आधीपासून. त्याला सगळं दिसत होतं. रोज ती झोपल्यावर नाही, ती शेजारी असतानाच, कानाला हेडफोन लावून तो तिच्या चुका माऊसने उचलून जागेवर ठेवत होता. तिला वाटत होतं आपण लपवतोय. त्याला वाटत होतं आपण सांभाळतोय.

"बोललात का नाही मग?"

"तू नाही बोललीस. मला वाटलं, तुला नको असंल बोलायला."

त्या दिवशी त्यांनी एवढंच बोलून थांबायला नको होतं. पण खाली कुणीतरी हाक मारली, आदिनाथ उठून गेला, आणि मग ते राहिलंच. स्टुडिओत सगळं सरळ करता येतं, हाच घात झाला. तिथं चूक राहतच नाही, त्यामुळे त्या चुकीबद्दल बोलायची वेळही येत नाही.

स्टेजवर मात्र माऊस नसतो. पावसाळ्यापासून कावेरी कार्यक्रम टाळत होती. कधी ताप, कधी पाहुणे. सत्यशीलाताई दुसरा कुणीतरी वाजवणारा घेऊन जायच्या आणि फोनवर म्हणायच्या, "तुझ्याबिगर मज्जा न्हाई गं बाई."

डिसेंबरात वालूरहून फोन आला. अप्पारावांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या मैदानावर सत्कार ठेवला होता, सत्यशीलाताईंचं गाणं ठरवलं होतं, आणि साथीला लेक. अप्पारावांचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता.

"मोठं वाद्य घेऊन ये बरं का. नुसतं ऐकूनच आहे मी. बघू दे तरी कसंय ते."

"हौ अप्पा," कावेरी म्हणाली, आणि फोन ठेवून माझ्या पट्ट्यांवर कपाळ टेकून बसली. पंधरा-वीस पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या. वायर जोडलेली होती. खोलीभर नुसता कल्लोळ झाला.

उपाय आदिनाथनेच काढला. रेकॉर्ड केलेली साथ लॅपटॉपवरून सोडायची. कावेरीने माझ्यावर फक्त हात फिरवायचे. वायर काढून ठेवायची, म्हणजे चुकीची पट्टी लागली तरी आवाज नाही.

"नाही," कावेरी म्हणाली. "अप्पांच्या समोर? नाही."

"मग सांग त्यांना. आत्ता फोन कर अन् सांग, मला वाजवता येईना."

तिने फोन हातात घेतला. बराच वेळ घेऊन बसली. शेवटी पदराने पडदा पुसून तो खाली ठेवला. "एकदाच," ती म्हणाली. "फकस्त अप्पांसाठी."

जानेवारीतला रविवार. दुपारी चारचा कार्यक्रम, लख्ख ऊन, वर नुसतं पांढरं कापड. मला दोघांनी उचलून स्टँडवर ठेवलं. समोर हजारभर माणसं. पहिल्या रांगेत अप्पाराव, अंगावर शाल, गळ्यात हार, मांडीवर नारळ. शेजारी बजरंग ढोलकी लावत होता. हा सत्यशीलाताईंचा जुना ढोलकीवाला, त्यालाही काही सांगितलेलं नव्हतं. ताईंनाही नाही. माझी वायर स्टँडच्या मागे लोंबत होती, टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

पहिली दोन गाणी पार पडली. कावेरीची बोटं माझ्यावरून फिरत होती, न दाबता. मी काहीच मोजत नव्हतो. लोक टाळ्या वाजवत होते. अप्पाराव मान डोलवत होते, आणि मधूनच त्यांची मान थांबत होती. त्यांची नजर तिच्या हातावर होती.

तिसरं गाणं गुरूवरचं होतं. अंतरा गाताना सत्यशीलाताईंनी अप्पारावांकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरलेले दिसले, आणि ताई तिथंच रमल्या. ती ओळ त्यांनी पुन्हा घेतली. पुन्हा, वेगळ्या वळणाने. माणसं तशी गातातच. बजरंगने लगेच ठेका सांभाळला. पण लॅपटॉपला कुणाचे डोळे दिसत नाहीत. साथ ठरल्याप्रमाणे पुढे निघून गेली.

ताई एकीकडे, साथ दुसरीकडे. ताईंनी दचकून कावेरीकडे पाहिलं. कावेरीने आदिनाथकडे पाहिलं. तो खाली वाकून शिट्टी मारणाऱ्या माइकची वायर धरून बसला होता. त्याचं लक्ष नव्हतं. घाबरून तिने दोन्ही हात वर केले, थांबवा म्हणून.

हात हवेत, आणि वाद्य वाजतंय.

चार-पाच सेकंदच असतील. पुढच्या बायकांतून एक आवाज आला, "अगं बया, हात वर हायेत की तिचे! अन् वाजायलंय कसं?" हशा झाला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तेवढ्यात आदिनाथने झडप घालून लॅपटॉप बंद केला.

सत्यशीलाताईंनी गाणं सोडलं नाही. नुसत्या ढोलकीवर शेवटपर्यंत नेलं. कावेरी माझ्यासमोर हात मांडीत घेऊन बसून राहिली, हजार माणसांसमोर, ऊन तोंडावर घेऊन. त्या वेळी मला जोडलं असतं, तिच्या चुकीच्या बोटांनी जे निघेल ते काढू दिलं असतं, तर मी काहीही दिलं असतं. पण देण्यासारखं माझ्यापाशी होतं काय?

कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या एका वर्गात आम्हाला ठेवलं. सत्यशीलाताई आत आल्या त्या ओरडतच.

"तीस वरीस झाले गायला! माझ्या गाण्याखाली आजवर कुणी खोटं वाजवलं न्हाई. हात दुखत होता तर सांगायचं होतंस गं. पेटीवाला आणला असता मी."

ताई गेल्या. मग अप्पाराव आले. शाल काढून त्यांनी बाकावर ठेवली आणि मला आडव्या बाकांवर टेकवलं होतं तिथं येऊन उभे राहिले.

"वाजव," ते म्हणाले.

"अप्पा, वायर..."

"आवाज नको मला. वाजव."

तिने वाजवलं. आवाज आला नाही, नुसती पट्ट्यांची खटखट. अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वळून गेल्या, मिटलेल्या कळीसारखी घट्ट. अप्पारावांनी ती दोन बोटं आपल्या हातात धरून सरळ केली. सोडली. ती पुन्हा वळली.

"कधीपासून?"

"दीड वर्ष होत आलं."

"अन् मला आज कळायलंय." ते खाली बसले. "तू चुकली असतीस तर लोक हसले असते, मी खाली मान घातली असती, अन् विषय संपला असता. चुकलेलं चाललं असतं मला, कावेरी. तुझं होतं ना ते."

"माझं काय राहिलंय अप्पा?" ती एकदम ओरडली. मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "वाजवणं गेलं तर मी कोण? सांगा ना. दुसरं काय येतंय मला? तुमीच कुठं दुसरं काही शिकवलंत!"

अप्पारावांनी हातातला नारळ बाकावर शालीजवळ ठेवला. बाहेर विद्यार्थी त्यांना फोटोसाठी हाका मारत होते.

पुढच्या आठवड्यात अप्पारावांना घेऊन तिघं हैदराबादला मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मी गेलो नाही, पण आल्यावर ते माझ्यासमोरच बोलले. हाड चांगलं, शीर चांगली. बिघाड डोक्यात आहे. वाजवताना त्या दोन बोटांचे हुकूम मेंदूत एकमेकांत मिसळून गेलेत, म्हणून दुसऱ्या कुठल्या कामाला त्रास नाही. वाजवणाऱ्यांना होतं असं. काहींचं सुधारतं, पुष्कळांचं नाही. सध्या वर्षभर पट्टीला हात लावायचा नाही.

"अन् मी जे रोज करत होते?" कावेरीने आदिनाथला विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं. "ते काय म्हणाले, पुन्हा सांगा."

"जाऊ दे ना."

"सांगा."

"जितकं दाबलं तितकं ते घट्ट होत गेलं म्हणाले," आदिनाथ म्हणाला. "जड पट्ट्यांनी जास्तच."

तिने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत राहिली, आणि मग माझ्या कडेवर ठेवलेला हात तापल्या तव्यावरून काढावा तसा काढून घेतला. तीनशे वेळा, पुन्हा तीनशे वेळा. ते सगळे आकडे माझ्याकडून गेले होते. साठ, पंचेचाळीस, तीस. मी प्रामाणिकपणे मोजत होतो. थांब म्हणायची सोय माझ्यात कुणी ठेवलेली नाही.

मला विकायचं ठरलं. मार्चमध्ये इंटरनेटवर फोटो टाकले. लोक आले.

गेल्या आठवड्यात झरी गावचे माणिकराव आले, लेकीला घेऊन. लेक ईश्वरी, अकरावीतली, देवळातल्या भजनात पेटी वाजवते. माणिकराव मला ठोकून बघत म्हणाले, "लय दणकट हाय. घ्यायचं तर एकदाच घ्यावं, मोठंच घ्यावं. व्हय का न्हाई मॅडम?"

"तिला बसू द्या आधी," कावेरी म्हणाली.

ईश्वरी बसली. हलका, मोकळा हात. पाच मिनिटांत तिचं मनगट ताठ झालं, खांदे वर चढले. आकडे मला कळत होते. कावेरीला नुसतं बघून कळलं.

"थांब. दंड भरून आला?"

"थोडासा. सवय होईल की."

"नको होऊ देऊ सवय." कावेरी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "ऐक. हे तुझ्या हाताचं नाही. तू देवळात नेणार, एकटी उचलणार. हलक्या पट्ट्यांचं घे, थोडासाच भार असलेलं. दुकानात गेलीस की उभ्या उभ्या टिंगटिंग करू नकोस. अर्धा तास बसून वाजव. हात दुखला तर ते वाद्य सोड, कितीबी भारी असलं तरी. अन् घरी वाजवताना एखादं बोट ऐकेनासं झालं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग. लपवू नको. समजलं?"

पोरीने मान हलवली. माणिकराव गोंधळून म्हणाले, "म्हंजी तुमी इकायलात का न्हाई?"

"तुम्हाला नाही," कावेरी म्हणाली.

ते गेल्यावर आदिनाथ वैतागला. "हे तिसरं गिऱ्हाईक परत लावलंस. विकायचंय का नाही तुला?"

तिने खुर्ची जागेवर सरकवली. तिला दुसऱ्याचे हात वाचवायचेत, की मला सोडवत नाही तिला? मला ठरवता येत नाही. कधी वाटतं पहिलं. मग दुपार होते, आणि वाटतं दुसरंच.

आता मी आतल्या खोलीत, जुन्या सोलापुरी चादरीखाली आडवा आहे. आदिनाथ लग्नांच्या आवाजाची कामं घेतो. अप्पाराव फोन करतात, कावेरी दोन शब्द बोलून ठेवते. सत्यशीलाताईंचा फोन एकदा आला होता, तिने उचलला नाही. वर्ष पुरं व्हायला अजून सात महिने आहेत.

आज दुपारी आदिनाथ बाहेर गेल्यावर दार लागलं. चादर एका बाजूने सरकली. वायर जोडलेली नाही, लॅपटॉप बंद आहे. कावेरीने खुर्ची ओढली आणि उजवा हात माझ्यावर ठेवला. पाच पट्ट्यांवर पाच बोटं, नुसती टेकलेली. अनामिका सरळ आहे. करंगळीही. दाबत नाही तोवर ती सरळ राहतात, हे तिलाही माहीत आहे.

माझ्यासारख्याने जन्मभर एकच मागणं मागायचं असतं, मला वाजवा. पण तुमच्यापैकी कुणी हे ऐकत असेल तर जिना चढून या, दार ठोठावा, पाणी मागा, पत्ता विचारा, काहीही करा. तिला उठवा इथून.

अनामिकेखालची पट्टी किंचित खाली गेलीय. बोटाचा भार वाढतोय.

नको, कावेरी. ऊठ. माय गं, ऊठ.